'तो काळच तसा होता' : गृहीतक की परिकल्पना?

नेट-सेटच्या पहिल्या पेपरची तयारी करताना आपण सगळेच एक फरक पाठ करतो. गृहीतक म्हणजे जे न तपासता खरं मानून आपण पुढे जातो ते. परिकल्पना म्हणजे जी खोटी ठरू शकते आणि म्हणूनच तपासायला घ्यावी लागते ती. उत्तराला गुण मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. प्रत्यक्ष संशोधनात मात्र घोळ इथेच होतो. जी गोष्ट तपासायला हवी ती आपण गृहीतकांच्या रांगेत नेऊन बसवतो, मग ती कुणीच तपासत नाही.

आज असंच एक वाक्य तपासायला घेऊ. युरोपातल्या अभिजात कादंबऱ्यांमध्ये आफ्रिकी माणसं ज्या तऱ्हेनं रंगवली आहेत, त्यावर कुणी बोट ठेवलं की समोरून हमखास उत्तर येतं, "अहो, तो काळच तसा होता." दुसऱ्या बाजूनंही तितकंच झटपट उत्तर तयार असतं, "लेखक वंशवादी होता, विषय संपला." ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटली तरी काम एकच करतात. पुस्तक पुन्हा उघडायची गरजच ठेवत नाहीत.

मी मूळची विज्ञानशाखेची. मग साहित्याचं उदाहरण का? कारण इथे पुरावा सगळ्यांसमोर उघडा आहे. प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही. ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे त्यातली बहुतेक ग्रंथालयात सहज मिळतात, आणि माझं म्हणणं तुम्ही आज संध्याकाळी पडताळून पाहू शकता. पद्धत शिकायला याहून स्वस्त जागा नाही.

आधी पुस्तक काय आहे ते बघू

जोसेफ कॉनरॅड जन्मानं पोलिश, जन्मसाल १८५७. तेव्हा पोलंड स्वतंत्र देश म्हणून नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. कॉनरॅडच्या वडिलांना रशियन सरकारनं हद्दपार केलं आणि तो लहान असतानाच आई-वडील दोघंही गेले. म्हणजे साम्राज्याखाली चिरडलं जाणं काय असतं, हे या माणसाला घरातूनच ठाऊक होतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तो खलाशी झाला, इंग्रजी शिकला आणि १८९० मध्ये एका बेल्जियन कंपनीच्या नोकरीत काँगो नदीवर गेला. काँगो म्हणजे त्या वेळी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळपास खाजगी मालमत्ता. १८८५ ते १९०८ या काळात 'काँगो फ्री स्टेट' अशा गोंडस नावाखाली तिथे आधी हस्तिदंत आणि मग रबर लुटलं गेलं. त्या प्रवासातून 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही लघुकादंबरी निघाली. १८९९ मध्ये ती 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'मध्ये क्रमशः आली आणि १९०२ मध्ये पुस्तकात.

कथा अशी. थेम्स नदीवर नांगरलेल्या बोटीत मार्लो नावाचा खलाशी मित्रांना आपला जुना अनुभव सांगतो आहे. आफ्रिकेतल्या एका नदीवर तो आगबोटीचा कप्तान म्हणून गेला होता. आत खोलवर कुर्ट्झ नावाचा कंपनीचा नामांकित एजंट होता, त्याला आणायचं होतं. वाटेत मार्लोला साखळदंडानं बांधलेले मजूर दिसतात. झाडांच्या सावलीत मरायला सोडून दिलेली माणसं दिसतात. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर कडक इस्त्रीचे कपडे घालून हिशोब लिहिणारा गोरा कारकून दिसतो. युरोपच्या 'सुधारणेचं' पितळ यात असं उघडं पडतं की अनेक विद्यापीठांत आजही हे पुस्तक वसाहतवादावरची टीका म्हणूनच शिकवलं जातं.

१८ फेब्रुवारी १९७५ रोजी नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या आवारात व्याख्यान दिलं आणि या पुस्तकाला थेट हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : या पुस्तकात आफ्रिका म्हणजे नुसता पडदा आहे. त्या पडद्यासमोर एका गोऱ्या माणसाचं मन कसं ढासळतं याचं नाटक चालतं, आणि आफ्रिकी माणसं त्या नाटकात माणसं म्हणून नाहीतच. कॉनरॅडला त्यांनी उघडपणे वंशवादी म्हटलं. मूळ व्याख्यानातलं शिवीवजा विशेषण नंतरच्या आवृत्तीत त्यांनी बदललं, पण आरोप मागे घेतला नाही.

आता इथे थांबा. तुम्ही संशोधक आहात, तेव्हा अचेबे बरोबर की चूक हा तुमचा पहिला प्रश्न नसावा. पहिला प्रश्न असा : हा दावा कशानं मोजता येईल?

पहिली मोजपट्टी : नाव

सगळ्यात आधी सुचते ती ही. किती गोऱ्या पात्रांना नावं आहेत आणि किती आफ्रिकी पात्रांना? आफ्रिकी पात्रांची मोजणी सोपी आहे, एकालाही नाव नाही. झालं तर मग, सिद्ध झालं!

नाही झालं. दुसरा स्तंभही भरा. या पुस्तकात बहुतेक गोऱ्या पात्रांनाही नाव नाही. मॅनेजर आहे, हिशोबनीस आहे, विटा पाडणारा आहे, कुर्ट्झची वाग्दत्त वधू आहे. सगळे हुद्द्यानं किंवा नात्यानं ओळखले जातात. नाव मोजकंच, मार्लो, कुर्ट्झ आणि आणखी एखाद्‌दुसरा. नदीचंसुद्धा नाव पुस्तकात घेतलेलं नाही. म्हणजे नावं न देणं ही लेखकाची सरसकट शैली आहे. 'नाव नाही म्हणून माणूस मानलं नाही' असा निष्कर्ष काढलात, तर मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला तुम्ही आडवे व्हाल.

तुलनेचा गट न पाहता एकाच गटाची संख्या सांगणं ही चूक आपण सर्वेक्षणात करतो, तशीच ती इथेही होते. अचेबे यांनी आपला भार या मोजपट्टीवर टाकला नाही, यातच त्यांची शिस्त दिसते.

दुसरी मोजपट्टी : बोलणं

त्यांनी भार टाकला तो भाषेवर. गोरी पात्रं नाव नसली तरी बोलतात. मॅनेजर कट करतो, हिशोबनीस तक्रार करतो, विटा पाडणारा चहाडी करतो, वाग्दत्त वधू आपलं दुःख सांगते. आणि आफ्रिकी पात्रं? आगबोटीवर मजूर आहेत, सुकाणू धरणारा आहे, किनाऱ्यावर शेकडो माणसं आहेत. या सगळ्यांमध्ये मार्लोला कळेल अशा भाषेत बोलण्याचे प्रसंग फक्त दोन, हे अचेबे दाखवून देतात. एकदा मजुरांचा मुखिया किनाऱ्यावरची माणसं पकडून आम्हाला खायला द्या असं तुटक इंग्रजीत म्हणतो. दुसऱ्यांदा मॅनेजरचा पोऱ्या दारातून डोकं घालून कुर्ट्झ मेल्याची बातमी देतो. बाकी वेळी त्यांचं बोलणं म्हणजे मार्लोच्या कानाला कल्लोळ, आरोळी, गुणगुण. आपापसात ते ज्या भाषेत बोलत असतील ती भाषा आहे असं वर्णन करणाऱ्याला वाटतच नाही.

कुर्ट्झशी जोडलेल्या दोन स्त्रिया शेजारी शेजारी ठेवून बघा. आफ्रिकी स्त्रीच्या दागिन्यांचं, चालण्याचं, हात उंचावण्याचं भरभरून वर्णन आहे. तिच्या मनात काय चाललंय याचे नुसते तर्क आहेत, तिच्या तोंडी शब्द नाही. युरोपियन वाग्दत्त वधूला शेवटचा अख्खा प्रसंग संवादासाठी मिळतो.

इथे मात्र दोन्ही स्तंभ भरलेले आहेत. एकाच पुस्तकात, एकाच निवेदकाच्या तोंडून, एका गटाला भाषा मिळते आणि दुसऱ्याला आवाज. अचेबे यांचा युक्तिवाद पन्नास वर्षं टिकला त्याचं एक कारण हे आहे. रागावर प्रतिवाद करता येतो, पुस्तक उघडून कुणीही करू शकेल अशा मोजणीवर तितक्या सहज करता येत नाही.

पण चांगली मोजपट्टी एका नमुन्यावर चालली म्हणून स्वीकारू नका, दुसऱ्यावर लावून बघा.

मोजपट्टीची परीक्षा : झुरी

डॅनियल डिफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ सालचा. बेटावरचा फ्रायडे सगळ्यांना आठवतो आणि बरेच जण त्याला आफ्रिकी समजतात. पुस्तकात तो अमेरिकेकडच्या बेटांवरचा मूलनिवासी आहे. त्याच्या आधी कथेत येतो तो झुरी, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मूर मुलगा. क्रूसो तिथे स्वतःच गुलामगिरीत अडकलेला असतो. दोघं मिळून छोट्या नावेतून पळतात. झुरी त्याच्यासाठी पाणी शोधतो, जीव धोक्यात घालतो.

दोन्ही मोजपट्ट्या लावा. झुरीला नाव आहे. झुरी बोलतो, मोडक्या इंग्रजीत का होईना, पण वारंवार बोलतो. दोन्हीत उत्तीर्ण. आणि पुढे काय होतं? एक पोर्तुगीज कप्तान त्यांना वाचवतो आणि क्रूसो झुरीला त्याला साठ नाण्यांना विकून टाकतो. अट एवढीच की मुलगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मोकळं करायचं. झुरी स्वतः जायला तयार होता, असंही क्रूसो सांगतो. नुकताच गुलामीतून सुटलेला माणूस ज्याच्या मदतीनं सुटला त्यालाच विकतो, आणि पुस्तक फारसं अडखळत नाही. पुढे ब्राझीलमध्ये मळ्यावर हात कमी पडू लागतात तेव्हा क्रूसोला झुरीची आठवण येते. हळहळ वाटते ती गड्याची.

म्हणजे नाव आणि बोलणं दोन्ही असूनही माणूस माल ठरू शकतो. आपली दुसरी मोजपट्टी आवश्यक आहे, पुरेशी नाही. 'आवश्यक' आणि 'पुरेशी' यातला हा फरक तुमच्या प्रबंधात पदोपदी लागणार आहे.

तिसरी मोजपट्टी : साक्ष

मग मी असा प्रश्न सुचवते : त्या माणसाचं बोलणं साक्ष म्हणून धरलं जातं का? म्हणजे, तो जे सांगतो त्यानं निवेदकाला काही नवीन कळतं का, त्याला आपलं मत किंवा निर्णय बदलावा लागतो का? की सगळं ज्ञान निवेदकाचंच आणि त्या माणसाचं बोलणं नुसतं सजावटीपुरतं?

हा प्रश्न घेऊन 'हार्ट ऑफ डार्कनेस'मधल्या मुखियाच्या प्रसंगाकडे परत चला. निष्पक्षपणे सांगायचं तर हा प्रसंग वाटतो तितका एकरंगी नाही. त्याच्या मागणीनं मार्लो विचारात पडतो. हे मजूर उपाशी असणार, हे त्याच्या लक्षात येतं. त्यांचं पाणघोड्याचं मांस कुजलं म्हणून बरंचसं नदीत फेकून दिलेलं आहे. पगार म्हणून आठवड्याला पितळी तारेचे तीन तुकडे मिळतात, आणि त्या तारेवर खायला विकत मिळेल असं गाव वाटेत लागत नाही, लागलं तरी बोट थांबत नाही. इतकं असूनही हे तीस-एक धडधाकट लोक आम्हा मूठभर गोऱ्यांना खाऊन का टाकत नाहीत, त्यांना कुठला संयम अडवतो, याचं त्याला आश्चर्य वाटतं. वसाहतीच्या अर्थव्यवस्थेवरची ही फार नेमकी नोंद आहे.

पण बघा, मार्लो अंदाज करतो. "तुम्ही किती दिवस उपाशी आहात?" असं तो विचारत नाही. ज्याच्याकडे उत्तर आहे तो माणूस दोन हातांवर उभा आहे, त्याला थोडंफार इंग्रजीही येतं, आणि तरी त्याच्या भुकेबद्दल त्याला सोडून बाकी सगळ्यांना मत आहे. कॉनरॅडनं युरोपविरुद्ध आरोपपत्र लिहिलं, आणि ते पक्कं आहे. ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांना मात्र त्यानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं नाही.

आता बचावाचे मुद्दे

पहिला बचाव : "हे मार्लोचं मत आहे, कॉनरॅडचं नाही." मुद्दा खरा आहे आणि अभ्यासकांनी तो जोरदारपणे मांडलाय. निवेदक आणि लेखक यांत फरक करायलाच हवा. पण यावर अचेबे यांचं उत्तर नीट बघा. मार्लोला तोलून बघता येईल असा दुसरा एखादा दृष्टिकोन, एखादं वाक्य, एखादं पात्र लेखकानं पुस्तकात ठेवलं आहे का, असं ते विचारतात. तुमच्याकडे एकच उपकरण असेल आणि ते तपासायला दुसरं उपकरण नसेल, तर 'चूक उपकरणाची आहे, प्रयोग करणाऱ्याची नाही' हा बचाव अर्धाच उरतो.

दुसरा बचाव म्हणजे आपलं शीर्षकातलं वाक्य. 'तो काळच तसा होता' हे आपण गृहीतक म्हणून सोडून देणार नाही, परिकल्पना म्हणून लिहून काढू : *त्या काळात, त्या ठिकाणी, आफ्रिकी माणसांना साक्षीदार म्हणून पाहणं कुणालाही शक्य नव्हतं.* अशी लिहिली की ती खोटी ठरवायला एक प्रतिउदाहरण पुरतं. त्यासाठी तुलना शक्य तितकी जवळची हवी : तीच नदी, तेच वर्ष.

अशी तुलना उपलब्ध आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स, कृष्णवर्णीय अमेरिकन, यादवी युद्धात लढलेला सैनिक आणि पुढे अमेरिकेतल्या आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारा इतिहासकार. लिओपोल्डला तो ब्रुसेल्समध्ये भेटला होता आणि सुरुवातीला त्याच्या बोलण्यानं भारावलाही होता. १८९० मध्ये तो प्रत्यक्ष काँगोत गेला. १८ जुलै १८९० रोजी स्टॅनली फॉल्स इथून त्यानं लिओपोल्डला खुलं पत्र लिहिलं. कॉनरॅडची आगबोट त्याच स्टॅनली फॉल्सला पोचली १ सप्टेंबर १८९० रोजी. अंतर साधारण सहा आठवड्यांचं.

विल्यम्सच्या पत्रात बारा मुद्दे क्रमानं मांडलेले आहेत. त्यात गावं जाळण्याचा आरोप आहे, गुलामांच्या व्यापाराचा आहे, जमिनी फसवून घेण्याचा आहे. फसवणुकीची पद्धतही तो सांगतो, आणि ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. गोरे लोक कोटाच्या आत विजेची बॅटरी लपवत, तिची तार तळहातापर्यंत आणत आणि गावप्रमुखाशी हस्तांदोलन करत. झटका बसला की हे बळ गोऱ्या माणसाचं आहे असं सांगत. भिंगानं उन्हात सिगार पेटवून सूर्य आमचं ऐकतो असं भासवत. असल्या युक्त्यांवर करार झाले. विल्यम्सनं प्रकरण नुसतं वर्णन करून सोडलं नाही, आंतरराष्ट्रीय चौकशी आयोग नेमावा अशी मागणी केली. दुसऱ्याच वर्षी, १८९१ मध्ये, तो मरण पावला.

परिकल्पना फेटाळली गेली. त्याच वर्षी, त्याच नदीवर हे दिसू शकत होतं.

पण सावध राहा. तुमचा मार्गदर्शक लगेच विचारेल की विल्यम्सनं पत्र लिहिलं, कॉनरॅडनं कादंबरी, मग तुलना बरोबरीची कशी? प्रश्न रास्त आहे, इथे एक चल बदललेलं आहे. म्हणून कादंबरीचंच जुनं उदाहरण घेऊ. ॲफ्रा बेन या इंग्रज लेखिकेची 'ओरुनोको' आली १६८८ मध्ये, कॉनरॅडच्या दोनशे वर्षं आधी. नायक आफ्रिकी राजपुत्र. त्याला कपटानं गुलाम करून सुरीनामला नेतात. तिथे तो इतर गुलामांसमोर उठावासाठी भाषण करतो, आपण गुलाम का राहावं असा युक्तिवाद मांडतो. म्हणजे इंग्रजी कथेत आफ्रिकी माणसाच्या तोंडी तर्कशुद्ध भाषा देता येत होती. हेही ओघानं सांगायला हवं की बेन त्याला हे स्थान देताना त्याचं नाक-डोळे युरोपियन करून टाकते, त्याला युरोपियन शिक्षण देते, 'इतरांसारखा नाही' म्हणून वेगळा काढते, आणि तो स्वतःही युद्धकैदी विकणाराच असतो. तिच्या पुस्तकात बोलण्याचा हक्क मिळतो, पण आफ्रिकीपण कमी करून. तरी एवढं ठरलं की 'काळ' नावाची गोष्ट सरळ रेषेत अंधारातून उजेडाकडे जात नाही. १६८८ मध्ये जे सुचलं ते १८९९ मध्ये सुचलं नाही, कारण मध्ये वंशाच्या उतरंडीचे सिद्धांत आले आणि वसाहतींचं अर्थकारण फोफावलं. त्या उतरंडीला विज्ञानाची सही मिळवून देण्यात आपल्याच पूर्वसुरींचा हात होता, हे आपण विज्ञानवाल्यांनी विसरू नये.

आणखी एक गोष्ट. 'तो काळ' म्हणताना आपण कुणाचा काळ धरतो? विल्यम्स त्याच काळातला होता. साखळदंडातले मजूरही त्याच काळातले होते, आणि हा अन्याय आहे हे कळायला त्यांना विसावं शतक उजाडायची वाट बघावी लागली नाही. 'सगळ्यांना तसंच वाटायचं' यातल्या 'सगळ्यां'त ते धरलेलेच नसतात. ही नमुना निवडीतली चूक आहे, आणि ज्या चुकीची आपण चौकशी करतोय तीच चूक आहे.

मग पुस्तकाचं काय करायचं?

अचेबे यांच्या मते असं पुस्तक थोर कलाकृती म्हणवून घेऊ शकत नाही. इथे माझा त्यांच्याशी थोडा मतभेद आहे. एडवर्ड सईद यांनी १९९३ च्या 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम'मध्ये मांडलेली बाजू मला अधिक पटते : साम्राज्य म्हणजे लूट आहे हे कॉनरॅडला दिसलं, पण त्या लुटीखालची माणसं स्वतंत्रपणे जगू शकतील ही शक्यता त्याला दिसली नाही. स्वतः पारतंत्र्य भोगलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडतं, हे मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. सोसलेलं असणं म्हणजे दुसऱ्याचं सोसणं आपोआप दिसणं नव्हे.

प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक उपकरणाला एक कक्षा असते. कक्षेबाहेर उपकरण शून्य दाखवतं, आणि त्या शून्याचा अर्थ 'तिथे काही नाही' असा घ्यायचा नसतो. आगबोटीच्या डेकवरून घेतलेलं कॉनरॅडचं मोजमाप गोऱ्या कंपनीबाबत अतिशय संवेदनशील आहे आणि किनाऱ्याबाबत शून्य दाखवतं. पुस्तक ठेवा, शिकवा, फक्त किनाऱ्याबद्दलचा पुरावा म्हणून ते वापरू नका.

आपल्यासाठी यात एक जादा धडा आहे. आपणही वसाहतीतूनच बाहेर पडलेली माणसं. तरी मराठी वाचक म्हणून आपण हे पुस्तक वाचतो तेव्हा मार्लोशेजारी डेकवर बसूनच वाचतो, कारण पुस्तक बसायला दुसरी जागा देत नाही. अचेबे इबादानला शिकत असताना जॉइस कॅरीची 'मिस्टर जॉन्सन' ही १९३९ ची कादंबरी त्यांच्या वर्गाला होती. नायजेरियाबद्दलची, वाखाणलेली. नायक जॉन्सनला त्याचा गोरा साहेब शेवटी गोळी घालतो, आणि तेवढा एकच प्रसंग मला आवडला, असं त्यांच्या एका वर्गमित्रानं भर वर्गात सांगितलं. स्वतःचंच विद्रूप चित्र संपलेलं बरं, असा तो सूर होता. वाचक डेकवरून उतरून किनाऱ्यावर गेला की वाचन असं बदलतं.

तुमच्या प्रबंधातला एक परिच्छेद

अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ ची. अख्खी कादंबरी ओकोन्क्वो, त्याचं घर, गाव, चुका, सण, न्यायनिवाडे यांनी भरलेली आहे. शेवटी ओकोन्क्वोचं प्रेत झाडाला लटकत असताना इंग्रज जिल्हा अधिकारी तिथून निघतो आणि आपण लिहिणार असलेल्या पुस्तकाचा विचार करतो. या माणसावर एखादं प्रकरण होईल. प्रकरण नाही, पण बऱ्यापैकी परिच्छेद तर नक्की होईल. पुस्तकाचं शीर्षकही त्यानं ठरवून टाकलं आहे, टोळ्यांना 'शांत' केल्याबद्दलचं.

तो अधिकारी खलनायकी हसत नाही. तो मेहनती आहे, टिपणं काढतो, अनावश्यक तपशील गाळतो. म्हणजे आपण संशोधक जे करतो तेच करतो. म्हणून ही टीका फक्त साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे असं समजू नका. तुम्ही पाण्याचे नमुने घ्यायला गावात जाता, औषधी वनस्पतींची माहिती घ्यायला पाड्यावर जाता, मधुमेहाच्या सर्वेक्षणाला वस्तीत जाता. झाड दाखवणाऱ्या आजी, विहिरीचं पाणी कुठल्या साली खारट झालं ते सांगणारे काका, हे सगळे प्रबंधात कुठे जातात? बहुतेक वेळा 'स्थानिक लोकांच्या मते' या तीन शब्दांत.

काँगोच्या बाबतीतही हे घडलं. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट, जो १८९० मध्ये कॉनरॅडला काँगोत भेटला होता, त्यानं १९०३ मध्ये आत फिरून चौकशी केली आणि अत्याचार सोसलेल्या माणसांच्या जबान्या घेतल्या. कॉनरॅडनंही त्याच्या कामाला पाठिंबा देणारं पत्र लिहिलं. अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा परराष्ट्र खात्यानं माणसांची आणि गावांची नावं काढून तिथे अक्षरं घातली होती. केसमेंट संतापला. साक्ष आली, साक्षीदार पुन्हा पुसले गेले.

माहिती देणाऱ्याची ओळख लपवणं कधीकधी त्याच्या सुरक्षेसाठी गरजेचं असतं, संशोधन नीतिशास्त्रात तुम्ही ते शिकालच. पण ओळख झाकणं वेगळं आणि म्हणणं गाळणं वेगळं. तेव्हा आराखडा लिहायला बसाल तेव्हा तीन प्रश्न कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा :

१. माझ्या कामात कुणाला भाषा आहे आणि कुणाचा फक्त उल्लेख आहे? दोन्ही स्तंभ भरा.

२. ज्यांच्याबद्दल मी लिहितेय किंवा लिहितोय, त्यांनी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीनं माझा निष्कर्ष बदलला का? एकदाही बदलला नसेल तर मी त्यांना विचारलं होतं, की अंदाज केला होता?

३. 'सगळे असंच मानतात' असं मी कुठे लिहिलं आहे, आणि त्या 'सगळ्यां'त कोण धरलेलं नाही?

पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यावर हे प्रश्न आजच लावून बघा. मसुदा अजून झाला नसेल तर 'हार्ट ऑफ डार्कनेस' घ्या, शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक आहे. पेन्सिल घेऊन मुखियाच्या प्रसंगाशी थांबा आणि मार्लोनं त्याला न विचारलेले प्रश्न समासात लिहून काढा. मला आतापर्यंत सात सापडले आहेत.